जुन्या हायब्रिड कारची बॅटरी बसली? पैसे खर्च करण्याआधी हे तपासा

जुन्या हायब्रिड कारच्या डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं: "बॅटरी गेली, पूर्ण पॅक बदला." नवा पॅक महाग असतो, त्यामुळे काही जण गाडी भंगारात काढतात, तर काही जण कुठून तरी स्वस्तात "एक सेल" बदलून घेतात. पण नेमकं काय बिघडलंय, हे कळल्याशिवाय यातला कुठलाच निर्णय घेऊ नका.

उदाहरण म्हणून दुसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस घेऊ (अमेरिकेतली २००४ ते २००९ ची मॉडेल्स). भरपूर चाललेली आणि भरपूर दुरुस्त झालेली गाडी असल्यामुळे तिच्या बॅटरीबद्दल खूप माहिती आहे.

बॅटऱ्या एक नाही, दोन

मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते. तिच्यात निकेल मेटल हायड्राइडची २८ मॉड्यूल एकापुढे एक जोडलेली असतात. प्रत्येक मॉड्यूल ७.२ व्होल्टचं, म्हणजे एकूण २०१.६ व्होल्ट. इलेक्ट्रिक मोटर यावर चालते आणि पेट्रोल इंजिनही यावरच सुरू होतं. वेगळा स्टार्टर नसतो.

दुसरी बॅटरी १२ व्होल्टची, डिकीत. गाडीतले कॉम्प्युटर जागे करणं आणि मोठ्या बॅटरीचं कनेक्शन जोडणं हे तिचं काम. ही छोटी बॅटरी कमजोर झाली तरी गाडी सुरू होत नाही, विचित्र वॉर्निंग येतात आणि आळ मोठ्या बॅटरीवर जातो. म्हणून आधी मल्टीमीटर लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२ च्या खाली असेल तर आधी हिचा बंदोबस्त करा.

मोठी बॅटरी बसते कशी?

फोनची बॅटरी जुनी झाली की बॅकअप कमी होतो, बस. इथे मात्र २८ मॉड्यूलची साखळी आहे. त्यातलं एक कमजोर झालं की ते सगळ्यात आधी भरतं आणि सगळ्यात आधी रिकामं होतं. कॉम्प्युटर या मॉड्यूलच्या १४ जोड्यांवर लक्ष ठेवतो. जोड्यांमधला फरक फार वाढला की तो पी०ए८० हा एरर कोड देतो.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे उष्णता. बॅटरी थंड ठेवणारा पंखा मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून केबिनमधली हवा ओढतो. जाळीसमोर बॅग ठेवली, किंवा पंख्यात धूळ आणि कुत्र्याचे केस अडकले की बॅटरी तापते. पंखा साफ करणं हे या गाडीतलं सगळ्यात स्वस्त मेंटेनन्स आहे.

लक्षणं

- चार्जचे बार काही मिनिटांत वर-खाली होतात
- मागच्या सीटजवळचा पंखा जोरात वाजतो
- इंजिन सारखं सुरू राहतं, मायलेज घसरतं

फोनवरून तपासणी

ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर आणि 'डॉ. प्रियस'सारखं ॲप घ्या. गाडी एकाने चालवायची, स्क्रीन दुसऱ्याने बघायची. ॲक्सिलरेटर दाबल्यावर १४ पैकी एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा दरवेळी साधारण एक व्होल्ट किंवा त्याहून जास्त खाली जात असेल, तर संशय तिच्यावर. सगळ्याच जोड्या लवकर खाली येत असतील तर पूर्ण पॅक थकलाय. कधीकधी मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या गंजूनही चुकीचं रीडिंग येतं. मेकॅनिकला त्या बघायला सांगा.

तीन पर्याय

१. एकच मॉड्यूल बदलणं: सगळ्यात स्वस्त. पण उरलेली २७ तेवढीच जुनी आहेत. काही महिन्यांत दुसरं जाऊ शकतं आणि मजुरी पुन्हा भरावी लागते. गाडी थोडेच दिवस वापरायची असेल तरच हा पर्याय.

२. रिफर्बिश्ड पॅक: दोन प्रश्न विचारा. प्रत्येक मॉड्यूलची क्षमता मोजून सारखी मॉड्यूल जुळवलीत का? वॉरंटीत मजुरी धरलीय का? उत्तर लेखी घ्या.

३. नवा पॅक: इंजिन आणि बॉडी ठणठणीत असेल आणि गाडी अजून काही वर्षं ठेवायची असेल, तर हिशोबात बहुतेक वेळा हाच बसतो.

गाडी फार जुनी नसेल तर वॉरंटी आधी बघा. अमेरिकेत २०२० मॉडेलपासून टोयोटा हायब्रिड बॅटरीवर १० वर्षं किंवा दीड लाख मैलांची वॉरंटी देते. भारतात ती ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे.

हे घरी करू नका

व्हिडिओ बघून पॅक उघडायचा मोह होतो. २०० व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतो. केशरी केबलला हात लावायचा नाही. केशरी सर्व्हिस प्लग काढल्यावर साखळीचे दोन तुकडे होतात, पण प्रत्येक तुकड्यात धोकादायक व्होल्टेज तसंच राहतं. हे काम हाय व्होल्टेजचे रबरी हातमोजे वापरणाऱ्या प्रशिक्षित माणसाचंच. पंखा साफ करतानाही गाडी बंद ठेवा.

आपल्याकडे काय?

२०२२ मध्ये आलेल्या इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिड मॉडेलमध्येही निकेल मेटल हायड्राइड बॅटरीच आहे. त्याच वर्षीच्या हायरायडर हायब्रिडमध्ये लिथियम-आयन आहे, त्यामुळे वरचे आकडे तिला लावू नका. सेकंडहँड हायब्रिड घेताना इंजिनचा आवाज ऐकून समाधान मानू नका. सर्व्हिस सेंटरचा हायब्रिड बॅटरी चेक रिपोर्ट मागा, उरलेली वॉरंटी तुमच्या नावावर येते का ते विचारा, आणि मगच टोकन द्या.