देवगिरी ते घृष्णेश्वर : राजधानी गेली, देऊळ राहिले

छत्रपती संभाजीनगर शहरातून सकाळी लवकर निघाल्यास देवगिरी व वेरूळ ही दोन्ही स्थळे एका दिवसात पाहून होतात. मंगळवारी लेणी बंद असतात, हे ध्यानी ठेवावे. माहीतगार मार्गदर्शक बरोबर असावा.

वाटेत प्रथम देवगिरी लागते. यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास येथे राजधानी वसविली. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीची स्वारी झाली. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली व दौलताबाद नाव दिले. परंतु थोड्याच वर्षांत तीही परत गेली. आज तट, खंदक व अंधारी वाट उरली आहे.

पुढे वेरूळ. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी कैलास लेणे एकाच खडकातून, कळसापासून पायाकडे, कोरून काढले.

जवळच घृष्णेश्वर ज्योतिर्लिंग आहे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. पुढे अठराव्या शतकात होळकर घराण्याने ते देऊळ पुन्हा उभारले.

देवगिरीचा तट भक्कम असूनही राजधानी टिकली नाही. घृष्णेश्वराचे देऊळ मात्र आजही नांदते आहे, कारण पडझड झाली तेव्हा कोणीतरी पुढे आले. जीर्णोद्धार एकदाच करून संपत नाही, तो पुढील पिढ्यांनीही चालवावयाचा असतो. ग्रामस्थ व देणगीदार बंधुभगिनींनी मुलाबाळांसह ही दोन्ही स्थळे अवश्य पाहावीत.