गीझरमध्ये उतरलेला खडक

जर्मनीत घर भाड्यानं घ्यायच्या आधी एक आकडा जरूर विचारा: पाणी किती जड? इथलं माप वेगळं आहे. एक जर्मन अंश म्हणजे लिटरमागे 10 मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड. 14 अंशांच्या वरचं पाणी जड. 2007च्या कायद्यानं पाणीपुरवठादारांना हा वर्ग ग्राहकांना कळवावाच लागतो.

आकडा ठरतो पायाखालच्या खडकावरून. पाऊस मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडीत झिरपतो आणि चुना विरघळवून नेतो. पाणी तापलं की तो वायू निसटतो, चुना धातूला चिकटतो. मग उष्णता आधी त्या थराला द्यायची, उरली तर पाण्याला. बोअरच्या पाण्यानं पांढरे पडलेले नळ पुण्यात पाहिले असतील, तर हे वेगळं सांगायला नको.

आता इतिहासातली एक गंमत पाहा. योहान वायलांट यांनी 1894मध्ये रेमशाइडला बंद पद्धतीच्या गॅस बंबाचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या बंबांत ज्वाळेचा धूर थेट पाण्याला लागे. यात दोघांमध्ये धातूची भिंत आली. पाणी स्वच्छ राहिलं, पण चुन्याला बसायला जागाही मिळाली! 1905मध्ये त्यांनी भिंतीवर टांगायचा हीटर आणला. नाव? गीझर.

रेमशाइडला मात्र हा त्रास फारसा नसावा, असं मला वाटतं. तिथला खडक स्लेट आणि वालुकाश्माचा, त्यात चुना कमी. शिवाय 1891मध्ये ओट्टो इन्त्से यांनी बांधलेलं एशबाख धरण पूर्ण झालं होतं. पिण्याच्या पाण्यासाठीचं हे जर्मनीतलं पहिलं धरण. खरी परीक्षा म्युनिकसारख्या ठिकाणी. पेटेनकोफर यांच्या आग्रहामुळे 1883पासून तिथे मांगफाल खोऱ्यातलं पाणी येऊ लागलं. रोगराईच्या दृष्टीनं उत्तम, पण आल्प्सच्या चुनखडीतून आलेलं, म्हणून जड.

मग तापमान उतरवून ठेवावं? चुना कमी बसेल खरा, पण साठवणीच्या टाकीत कोमट पाणी लेजिओनेला जिवाणूंना मानवतं, म्हणून ते 60 अंशांवर ठेवायला सांगतात; आणि चुना जोरात बसू लागतो तोही तिथूनच. उरतं ते आम्ल. आजी तांब्याच्या बंबाला बाहेरून चिंच लावायची, इथे सिट्रिक आम्लाची पुडी मिळते. किटलीत ती खुशाल घाला. गीझरसाठी घरमालकाला सांगून माणूस बोलवा.