भयाचे आलंबन : तीन बंगाली चित्रपटकृती

भयानक रसाचा विचार करताना आपल्या साहित्यशास्त्राने आलंबन आणि आश्रय यांत भेद केला आहे. ज्याच्यामुळे भय उत्पन्न होते ते आलंबन. ज्याच्या ठायी ते वसते तो आश्रय. एका बाजूस वाघ, पिशाच, ओसाड घर. दुसऱ्या बाजूस भ्यालेला माणूस. शिवाय नाट्यशास्त्राने भय हा भाव मुख्यतः स्त्रियांकडे व नीच प्रकृतीच्या पात्रांकडे सोपविला आहे. १९६० आणि १९६१ या दोन वर्षांत कलकत्त्याच्या चित्रसृष्टीने दिलेल्या तीन कृतींनी या दोन्ही कल्पनांची फेरतपासणी करावयास लावली. तपन सिंह यांचा ‘क्षुधित पाषाण’, सत्यजित राय यांचा ‘देवी’ आणि त्यांच्याच ‘तीन कन्या’मधील ‘मणिहारा’ या त्या तीन कृती. यांतील भयग्रस्त माणसे सुशिक्षित वा घरंदाज आहेत. आणि त्यांच्या भयाचे आलंबन शोधू गेल्यास आपण पुन्हा त्यांच्यापाशीच येऊन पोहोचतो.

‘क्षुधित पाषाण’चे बीज आपल्या जवळच्या भूमीतले आहे. १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ अहमदाबादेस थोरले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहिले. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यात होते. न्यायाधीश असलेल्या सत्येंद्रनाथांचा मुक्काम शाहीबागेतील मोगलकालीन राजवाड्यात होता. त्या रिकाम्या दालनांच्या स्मृतीतून १८९५ मध्ये ही कथा अवतरली. कथेचा नायक कापसावरील कर वसूल करणारा सरकारी नोकर आहे. दिवसा तो साहेबी पोशाखात कचेरीचे काम करतो. रात्री त्या ओसाड महालात तो पोशाख उतरतो आणि शतकांपूर्वीचा कोणी विलासी पुरुष त्याच्या देहात वावरू लागतो. या दोहोंपैकी खरा कोण, हे त्यालाच सांगता येत नाही. महालातील अतृप्त छायांपेक्षा हा संशय अधिक भयावह आहे. तपन सिंह यांची उमेदवारी न्यू थिएटर्सच्या ध्वनिविभागात झालेली. अली अकबर खाँ यांचे संगीत त्यांना लाभले. अदृश्याचा वावर दाखविण्यापेक्षा ऐकविण्याकडे या चित्रपटाचा कल आहे, त्यात नवल नाही.

‘देवी’त भुताचा मागमूसही नाही, आणि तरीही तिघींत हीच कृती सर्वांत दारुण आहे. प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या कथेवरील या चित्रपटात वृद्ध जमीनदार कालीकिंकर याला स्वप्न पडते की आपली धाकटी सून दयामयी ही साक्षात कालीमाता आहे. दुसऱ्याच दिवसापासून सासरा सुनेच्या पाया पडू लागतो. तिचा पती उमाप्रसाद कलकत्त्यात इंग्रजी शिक्षण घेत आहे. तो धावत येतो आणि तिला रातोरात नेऊ पाहतो. नदीकाठी येताच दयामयीला विसर्जित मूर्तीचा गवती सांगाडा दिसतो आणि तिचे पाऊल अडखळते. आपण खरोखरच देवी असलो तर? हा प्रश्न तिच्या मनात ज्या क्षणी उमटतो, त्या क्षणी समाजाचे काम पूर्ण झालेले असते. श्रद्धेने तिला आधी बाहेरून घेरले होते. आता ती तिच्या आतून बोलू लागते. उमाप्रसादाच्या विद्येजवळ यावर उत्तर नाही. पतीचा तर्क वडिलांच्या अधिकारापुढे हरतो, एवढेच येथे घडत नाही. जिला वाचवावयाचे तिलाच आपण कोण हे सांगता येईनासे होते.

‘मणिहारा’मध्ये भुताची सारी सामग्री आहे: नदीकाठचा वाडा, रात्रीची पावले, दागिन्यांनी मढलेला हाडांचा हात. पण रायांनी मूळ कथेत केलेला बदल ध्यानात घेतला पाहिजे. घाटावरचा शाळामास्तर एका अनोळखी श्रोत्याला फणिभूषण व त्याची दागिन्यांसाठी वेडावलेली पत्नी मणिमालिका यांची कहाणी सांगतो. रवींद्रनाथांच्या कथेत श्रोता शेवटी आपणच फणिभूषण असल्याचे सांगतो, पत्नीचे नाव निराळेच सांगतो, आणि मास्तरांच्या कल्पनाशक्तीची मौज वाटून कथा संपते. चित्रपटात तोच श्रोता आपले नाव सांगून अदृश्य होतो. कवीने शेवटी हसून भय विरघळवले. रायांनी ते श्रोत्याच्याच ठायी वसविले. ऐकणारा आणि ज्याची गोष्ट ऐकली जात आहे तो एकच निघाला, की आश्रय व आलंबन यांतील सीमारेषा पुसली जाते.

येथे मराठी भयकथेचे स्मरण होणे साहजिक आहे. नारायण धारपांच्या ‘समर्थ’ कथांत अमानवी शक्ती बाहेरून चाल करून येते आणि तिला अडविणारा एक समर्थ पुरुष असतो. या तीन बंगाली कृतींत असा रक्षणकर्ता नाही, कारण आक्रमण बाहेरचे नाही. साहेबाची कचेरी आणि पूर्वजांचा वाडा, इंग्रजी ग्रंथ आणि कुलदेवता, अशा दोन घरांत एकाच वेळी राहणाऱ्या भद्रलोकांच्या मनातले ते भय आहे. वंगदेशातील प्रबोधनाने त्याला नवे नाव दिले, पण जुने पुसले नाही. या दुभंगाचा हिशेब स्वातंत्र्यानंतरच्या पिढीने पडद्यावर मांडला, असे मला वाटते.

अमेरिकन लेखक लव्हक्राफ्ट याच्या परंपरेत विश्वाच्या अफाट पोकळीतून येणारे जीव मानवाला त्याच्या क्षुद्रतेची जाणीव देऊन हादरवतात. १९६२ साली रायांनी ‘संदेश’ मासिकात ‘बंकुबाबूंचा मित्र’ ही कथा लिहिली, तिचा रोख नेमका उलटा आहे. परग्रहावरून आलेला प्राणी एका गरीब शाळामास्तराला भेटतो आणि त्याला स्वाभिमान देऊन जातो. त्याच्या आयुष्यातले भय गावातल्या बैठकीत होते. तेथे रोज त्याची चेष्टा होत असे. १९६७ मध्ये रायांनी परग्रहवासी पाहुण्याच्या याच कल्पनेवर ‘द एलियन’ ही पटकथा रचली. तो चित्रपट मात्र कधीच निघाला नाही. निघाला असता तर या विचाराची पुढची पायरी पडद्यावर दिसली असती. दयामयीला नकार देता आला नाही; बंकुबाबू मात्र बैठकीत परत जातात, ठणकावून बोलतात आणि तेथून उठून चालू लागतात.