जोडसुट्ट्यांत मुंबई पाहताना : आधी मेगाब्लॉक बघा, मग बेत आखा

शनिवार-रविवारला लागून एखादा सण आला, की पुणे, नाशिक, कोल्हापूरकडील पाहुणे मुंबईत दाखल होऊ लागतात. गेटवे ऑफ इंडिया, सिद्धिविनायक, राणीचा बाग, जुहू चौपाटी ही यादी ठरलेलीच असते. कचेऱ्या बंद असल्याने लोकल रिकाम्या मिळतील, असा त्यांचा समज असतो. मात्र उपनगरी रेल्वेचा भरवसा सर्वांत कमी असतो तो सुट्टीच्या दिवशीच.

आठवडाभर रुळांना उसंत नसते. त्यामुळे रूळ, सिग्नल व ओव्हरहेड वायरच्या दुरुस्तीसाठी रविवार राखून ठेवला जातो. मध्य व हार्बर मार्गावर हा मेगाब्लॉक साधारणपणे सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो. म्हणजे नेमक्या पर्यटकांच्या वेळात. पश्चिम रेल्वे कधी दिवसा, तर कधी शनिवारी रात्रीच काम उरकते. ब्लॉकच्या काळात धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या जातात आणि जिथे जलद मार्गाला फलाट नाही, ती स्थानके वगळली जातात. विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर येथील नातलगांकडे उतरणाऱ्यांना याचा फटका हमखास बसतो. शिवाय सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी बहुधा रविवारचेच वेळापत्रक लागू होते आणि गाड्यांची संख्या घटते. मोठ्या सणाला काही वेळा ब्लॉक रद्दही होतो. म्हणून आदल्या दिवशी रेल्वेची घोषणा वाचणे, हा सहलीच्या तयारीचा पहिला भाग समजावा.

मुंबई ही दक्षिणोत्तर चिंचोळी पट्टी आहे. पश्चिम, मध्य व हार्बर हे तिन्ही मार्ग याच दिशेने धावतात. दक्षिणोत्तर प्रवास सोपा, पूर्व-पश्चिम प्रवास कठीण, हे नवख्याने ध्यानात ठेवले, तरी निम्मा त्रास वाचेल. आडवे जाण्यासाठी २०१४पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आहे. ब्लॉकच्या दिवशी मात्र खरा दिलासा भुयारी मेट्रो-३ देते. आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण खुला झाला. दोन्ही विमानतळ टर्मिनल, सिद्धिविनायक, सायन्स सेंटर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक ही स्थानके त्यावर असल्याने पाहुण्यांच्या यादीतील निम्मी ठिकाणे या एकाच मार्गावर येतात. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोतून येणाऱ्यांना मरोळ नाक्यावर गाडी बदलता येते. भाडे लोकलपेक्षा जास्त आहे खरे. पण मुले व वयस्कर मंडळी सोबत असतील, तर ते सार्थकी लागते.

लोकलचे तिकीट काढताना एक खबरदारी घ्यावी. द्वितीय श्रेणीचे साधे तिकीट प्रथम श्रेणीत किंवा वातानुकूलित लोकलमध्ये चालत नाही. समोर आली म्हणून थंडगार गाडीत चढणारे पाहुणे दंड भरून उतरतात. तिकीट खिडकीवरील रांग टाळायची असल्यास रेल्वेचे 'रेलवन' अॅप आहे. दादरला गाडी बदलणाऱ्यांनी जुनी माहिती विसरावी. डिसेंबर २०२३पासून तेथील फलाटांना सलग क्रमांक असून पश्चिम रेल्वेचे १ ते ७, तर मध्य रेल्वेचे ८ ते १४ आहेत. पूर्वीच्या सवयीने 'एक नंबर' विचारणाऱ्या मध्य रेल्वेच्या प्रवाशाची पुलावर दोनदा चढ-उतार होते.

पुलांविषयी मात्र गांभीर्याने सांगायला हवे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. पाऊस आला, लोक आडोशाला जिन्यावरच थांबले आणि मागून गाड्यांची गर्दी येतच राहिली. त्यानंतर अनेक ठिकाणी नवे पूल उभे राहिले, तरी सणाची गर्दी तीच आहे. जिन्यावर थबकून मागे राहिलेल्यांची वाट पाहू नये, फोटो काढू नयेत. चुकामूक झाल्यास कोणत्या स्थानकाबाहेर भेटायचे, ते निघतानाच ठरवावे. मुलांना दाराशी उभे करू नये.

स्वतःची मोटार आणणाऱ्यांना हलक्या वाहनांसाठी शहराच्या वेशीवरील पथकर ऑक्टोबर २०२४पासून माफ आहे. पुण्याहून थेट दक्षिण मुंबईत यायचे, तर अटल सेतू सोयीचा. त्याचा पथकर मात्र वेगळा भरावा लागतो. दुचाकींना तेथे प्रवेश नाही. पुढे गाडी उभी करण्यास जागा शोधणे, हा स्वतंत्र उद्योग आहे. रिक्षा वांद्रे व शीव येथेच थांबतात. त्यापुढे टॅक्सी किंवा बेस्टची बस.

सोमवारची सुट्टी जोडून आली असल्यास घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान त्या दिवशी बंद असते. राणीच्या बागेची साप्ताहिक सुट्टी बुधवारी. बुधवारी सण आल्यास बाग उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवली जाते. घारापुरीला रविवारी जायचे, तर गेटवेवरून सकाळचीच बोट धरावी, जीवरक्षक जाकीट मागून अंगात घालावे आणि पावसाळ्यात बोटी सुटत आहेत का, याची आधी चौकशी करावी.