निरुपयोगी केबलींचे निष्कासन
डेटा सेंटरमधील ज्या केबली कोणत्याही उपकरणाला जोडलेल्या नाहीत आणि पुढील वापरासाठी लेबल लावून राखूनही ठेवलेल्या नाहीत, त्या काढून टाकण्याच्या कामास निरुपयोगी केबलींचे निष्कासन म्हणतात. अमेरिकेतील 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड' या विद्युत संहितेच्या २००२ सालच्या आवृत्तीने अशा केबलींचा हाती येण्याजोगा भाग काढणे आवश्यक ठरवले.

कारणे
केबलींचे प्लास्टिकचे आवरण आगीत इंधन ठरते. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो. उंचावलेल्या फरशीखाली साचलेल्या केबली थंड हवेचा मार्गही अडवतात.

कार्यपद्धती
चालू केबल चुकून कापली जाणे हा या कामातील मुख्य धोका होय. त्यामुळे प्रत्येक केबलची दोन्ही टोके टोन जनरेटरच्या साहाय्याने शोधून नोंदींशी ताडून पाहिली जातात. मग ती दोन्हीकडून सोडवून काही काळ जागीच ठेवतात. कोणतीही सेवा खंडित झाली नाही, तरच तुकडे करून ती बाहेर काढतात. अखंड ओढल्यास शेजारच्या चालू केबलींवर ताण येतो. भिंतींत मोकळी झालेली छिद्रे अग्निरोधक पदार्थाने बुजवली जातात. केबलींतील तांब्याचा पुनर्वापर होतो.