विठाबाईंच्या गोष्टीचा राहिलेला अर्धा भाग

आमच्या हापिसातला ८ मार्च म्हणजे प्रत्येकीला एक गुलाबाचं फूल, मग केक आणि मग तासाभराचं भाषण. यंदा भाषणाला आलेल्या बाईंनी विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सांगितली. तुम्हीही कुठेतरी ऐकली असेल. दिवस भरलेल्या विठाबाई तमाशात नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा स्टेजवर जायला उभ्या राहिल्या. इथे गोष्ट संपली आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत शब्द आला, 'कमिटमेंट'. टाळ्यांचा कडकडाट!

शेजारी बसलेली आमच्या टीममधली मैत्रीण बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परत आली होती. ती हळूच म्हणाली, "म्हणजे आता आपल्याकडूनही हेच अपेक्षित आहे की काय?" आम्ही हसलो. पण हिंजवडीतून बाहेर पडेपर्यंत (म्हणजे भरपूर वेळ!) ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

खरं सांगायचं तर विठाबाई म्हणजे मला एवढी एकच गोष्ट माहीत होती. इंजिनिअरिंगला असताना आमची सहल खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला गेली होती. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना! येताना नारायणगावात मिसळ खाल्ली, फोटो काढले आणि बसमध्ये बसलो. ज्या गावाला अख्खा महाराष्ट्र तमाशाची पंढरी म्हणतो तिथे आम्ही उभे होतो, आणि तमाशाचं नाव कोणी काढलं नाही.

बरं, माझ्यासाठी तमाशा परका म्हणावा तर तसंही नाही. आमचं गाव मावळातलं, कामशेतपासून थोडं आत. चैत्रात गावची जत्रा. सकाळी देवाचा अभिषेक, दुपारी कुस्त्यांचा आखाडा आणि रात्री तमाशा. गुढीपाडव्याच्या सुमाराला आबा आणि यात्रा कमिटीतले चार जण तळेगाव, चाकण, मंचर करत नारायणगावला जायचे. तिथे एकेका फडाची राहुटी लागलेली असते. बाहेर फडाचा बोर्ड, आत मॅनेजर आणि तारखांची वही. गावाने तारीख सांगायची, भाव करायचा आणि सुपारी द्यायची. जवळपास सगळ्या गावांच्या जत्रा चैत्र-वैशाखात येतात, त्यामुळे पौर्णिमेच्या आसपासच्या तारखांना फडाचा भाव चढतो. दिवाळीत विमानाचं तिकीट चढतं ना, अगदी तसंच. मोठ्या फडाची सुपारी आता लाखांत जाते.

मग दोन शनिवार-रविवार मी विठाबाईंबद्दल मिळेल ते वाचत बसलो.

विठाबाईंचा जन्म १ जुलै १९३५ चा, पंढरपूरचा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला आणि तो 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने गाजला. आडनाव खुडे, पण फडाच्या नावात जात! तमाशा जगवला तो मांग, महार, कोल्हाटी या समाजांनी. त्यांची कला रात्री बघायची आणि दिवसा त्यांना गावाबाहेर ठेवायचं, हा आपला जुना रिवाज. स्वातंत्र्यानंतर लगेचच बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदीही घातली होती. पुढे ती उठली, पण सेन्सॉरची अट घालूनच. विठाबाईंची उमेदवारी या असल्या काळात झाली.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण मलाही तो माहीत नव्हता. संगीत बारी एका जागी, थिएटरात चालते. ढोलकी फड मात्र फिरता. दसऱ्याला बाहेर पडायचं आणि अक्षय्य तृतीयेच्या पुढेपर्यंत गावोगाव हिंडायचं. ट्रक, स्टेजचं सामान, कनात, जनरेटर, कलाकार, वादक, आचारी असा सगळा संसार सोबत. दुपारी गावात पोचायचं, स्टेज उभारायचं, रात्री गण, गवळण, बतावणी आणि मग वग. पहाटे सगळं उतरवून पुढच्या गावाला. गायक-गायिकांच्या मोठमोठ्या टूर्सच्या बातम्या आपण वाचतो, त्यात दोन कार्यक्रमांच्या मध्ये चार दिवसांची सुट्टी असते. इथे सात-आठ महिने रोज नवं गाव.

सुट्टी का नाही? कारण उचल. पावसाळ्यात फड बंद. त्या चार महिन्यांत कलाकार मालकाकडून उचल घेतो आणि ती सीझनभर नाचून-गाऊन फेडतो. मालक तरी एवढा पैसा कुठून आणणार? तो सावकाराकडून घेतो आणि चैत्रातल्या सुपाऱ्यांवर फेडतो. म्हणजे आजचा खेळ रद्द झाला की सगळी साखळी हलते. त्यात फड चालतो तो बाईच्या नावावर. पोस्टरवर जिचं नाव तीच स्टेजवर आली नाही तर पब्लिक दंगा करणार आणि कमिटी पैसे अडवणार. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळी सिस्टीम एकाच सर्व्हरवर, आणि बॅकअप शून्य. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे लागोपाठ दोन चैत्र बुडाले तेव्हा फडांचं काय झालं असेल याचा अंदाज यावरून करा.

हे समजल्यावर ती नाळेची गोष्ट मला वेगळी दिसायला लागली. विठाबाईंची कलेवरची निष्ठा खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्या रात्री त्यांच्यापुढे दुसरा पर्याय काय होता, हा प्रश्न भाषणात कोणी विचारला नाही. आज कायद्याने नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे (२०१७ च्या दुरुस्तीपासून). उचलीवर नाचणाऱ्या बाईला कोणाची रजा?

वाचता वाचता एक तुलना सुचली. आमचा एक क्लायंट नॅशव्हिलचा, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या पंढरीचा. त्यांच्याकडची लोरेटा लिन १९३२ ची, म्हणजे विठाबाईंपेक्षा तीन वर्षांनी मोठी. केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न, गरिबी, मुलंबाळं, आणि मग बसने गावोगाव कार्यक्रम. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा मान मिळवणारी ती पहिली बाई. २०२२ मध्ये नव्वदाव्या वर्षी ती स्वतःच्या घरात गेली. तिथेच तिचं संग्रहालय आहे आणि लोक तिकीट काढून बघायला जातात.

विठाबाईंनाही राष्ट्रपती पदक मिळालं, एकदा नव्हे दोनदा, १९५७ आणि १९९० साली. लोक त्यांना तमाशासम्राज्ञी म्हणायचे. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांनी वर्गणी काढून भरलं. पुढे २००६ पासून राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पहिला कांताबाई सातारकरांना मिळाला. चांगलंच झालं. पण गौरव आपण नेहमी जीवन संपल्यावरच करतो.

असो. मागच्या रविवारी गावी गेलो होतो. आजी ओसरीवर इंद्रायणी तांदूळ निवडत बसली होती. आजीने आयुष्यात एकदाही तमाशा पाहिलेला नाही. घरंदाज बायकांनी जायचं नसतं म्हणून. त्या सगळ्या जणी रात्रभर माळवदावर बसून ऐकायच्या. गवळण ऐकू आली की कोण गातंय ते आजी आवाजावरून ओळखायची. तिला मी हापिसातलं भाषण सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"मग फुडचं न्हाई सांगितलं व्हय तुझ्या त्या बाईनं?"

"पुढचं काय?"

"अरं, ती परत उभी ऱ्हायली तर लोकांनी बघितलं, प्वाट कुठं गेलं? कळल्यावर लोकांनीच खेळ थांबवला. म्हनले, बाई, तू जा, नीज आता. हात जोडले लोकांनी."

आजीचं बरोबर होतं. मी वाचलेल्या हकिकतीतही हेच होतं. खेळ प्रेक्षकांनी थांबवला. विठाबाई उभ्या राहिल्या इथपर्यंत आपण गोष्ट सांगतो आणि लोकांनी त्यांना परत पाठवलं तो भाग गाळतो. कारण 'कमिटमेंट'च्या स्लाइडमध्ये तो बसत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे लोक चांगले होते तर."

आजीने पुन्हा सूप उचललं. "चांगलं कसलं? नऊ म्हैने प्वाट दिसत व्हतं का नव्हतं? तवा कुनी म्हनलं न्हाई, नीज म्हनून. तवा म्हनले, नाच."

आत खुर्चीवर आबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, काही बोललेही नाहीत.

यंदाच्या जत्रेला कमिटीने पुन्हा तमाशाची सुपारी दिली आहे. रात्रभराचा खेळ आता होत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे दहाच्या पुढे लाऊडस्पीकर चालत नाही, त्यामुळे वग बिचारा घड्याळ बघत संपवावा लागतो. पण खेळ आहे. मी आजीला म्हटलं, या वेळी माळवदावर नाही, माझ्याबरोबर पुढे खुर्चीत बसून बघायचा.

"ह्या वयात? लोक काय म्हनतील?" मग जरा वेळाने, तांदळातून खडा काढत, "बघू."

आमच्या घरात आजीचं 'बघू' म्हणजे हो असतं. दोन खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत.