वर्ध्याकडच्या मातीच्या भिंती



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तीत प्रत्येकीने काहीतरी लिहावे, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले. पाककृती लिहिणाऱ्या पुष्कळ जणी निघाल्या. मला मात्र म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या भिंतींचे लिहा. दर दसऱ्याला सगळ्या आळीत एकट्या तुमच्याच दारी चिखल कालवलेला असतो." त्यात थोडी थट्टा होती हे मला कळले. तरी मी होकार दिला. मी सातवी शिकलेली बाई, इतिहास लिहिणे माझे काम नव्हे. परंतु या भिंतीपायी मला जे वाचावे, विचारावे आणि सोसावे लागले, ते आपणांस सांगते.

आपल्याकडे जुनी माणसे गावाचे दोन भाग मानीत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. लहानपणी मला वाटे, ही नुसती बोलण्याची रीत. पण त्यात मोठा अर्थ आहे. कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात हाताचा पंजा जाईल इतकी भेगाळते. तिची भिंत उभी राहत नाही. वस्तीच्या जागी पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, पडक्या भिंतींचा गाळ साचून माती निराळी होते. फिकट, मऊ, न फुगणारी. तीच पांढरी. आपल्या भागातल्या भिंती आणि जुन्या गढ्या तिच्याच आहेत. म्हणजे आपण ज्या मातीचे घर बांधतो, ती मागल्या लोकांच्या घरांचीच असते. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने धाम नदीकाठी पवनारच्या टेकाडावर उत्खनन केले, तेव्हा तेथे वाकाटकांच्याही आधीपासूनच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. हे वाचल्यापासून पांढरीत फावडे मारताना माझा हात जरा जपूनच पडतो.

भिंत रचणे हे गडीमाणसांचे काम. ती एकदाच रचायची. तिचा गिलावा मात्र बायकांकडे, आणि तो दरवर्षीचा. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांची रीत अशी होती. पांढरी चाळून तिचे आळे करायचे, त्यात पाणी सोडायचे, गव्हाचे कुटार आणि ताजे शेण घालायचे आणि चार-पाच दिवस तसेच मुरू द्यायचे. आंबूस वास सुटला की मग पायांनी तुडवायचे. नवी सून म्हणून मी पहिल्या वर्षी वासाला नाक मुरडले आणि दुसऱ्याच दिवशी लिंपायला घेतले. आठ दिवसांत भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडल्या! आत्याबाई रागावल्या नाहीत. सगळे खरवडून पुन्हा आळ्यात टाकायला लावले, एवढेच. कुटार मातीला धरून ठेवते आणि आंबल्याशिवाय ते मातीशी एकजीव होत नाही, हे मी तेव्हा शिकले.

लिंपण्याआधी भिंत ओली करायची, नाहीतर नवा थर जुन्याला धरत नाही. पहिला थर तळहाताने दाबून, दुसरा पातळ, शेणाचा आणि गाळलेल्या मातीचा. तो वाळला की पोतारा, आणि पायथ्याशी गेरूचा पट्टा. पायथ्याची वीतभर जागा सर्वांत नाजूक. पागोळ्यांचे पाणी तेथेच उडते. म्हणून तेथे मातीची पाळ घालायची आणि मृगाआधी पश्चिमेच्या भिंतीला तुराट्यांचे ताटवे बांधायचे, कारण आपल्याकडची झडी तिकडूनच झोडपते. पाऊस संपला की ताटवे सोडायचे, पडले-झडलेले भरायचे, आणि दसऱ्या-दिवाळीच्या आत लिंपण पुरे करायचे. हे सगळे घरचा स्वयंपाक आणि शेतातली वेचणी सांभाळून. कोणी तिची मजुरी मांडली नाही, की तिचे नाव कोठे लिहिले नाही.

आता सेवाग्रामकडे वळते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला राहावयास आले. जमनालालजी बजाजांची तेथे जमीन होती, आणि मीराबेन त्या गावी आधीच जाऊन राहिल्या होत्या. (शेगाव नावामुळे टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाई, म्हणून १९४० साली सेवाग्राम हे नाव पडले.) गांधीजींचे सांगणे होते की झोपडी गावात मिळेल त्याच सामानाची आणि गावच्याच कारागिरांच्या हातची असावी, आणि खर्च शंभर रुपयांवर जाऊ नये. तशी आदी निवास उभी राहिली. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची कुटी. बल्ल्या, बांबू, माती आणि कवेलू. एका इंग्रज आरमारी सेनापतीची ही मुलगी. तिने त्या मातीच्या भिंतीवर मातीनेच ताडाची झाडे, मोर आणि ॐ उठावाने काढले. आपल्या मंडळाची सहल गेली होती तेव्हा सर्वजणी चरखा आणि कंदील पाहत होत्या. मी मात्र भिंतीजवळ उभी राहून तिचा पोत पाहत होते. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीचाच पोत!

शेजारची बा कुटी पाहून माझे मन अधिक भरून आले. आदी निवासमध्ये सर्वांचा वावर एकत्र, बायकांना आडोसा नाही. बांची ही अडचण ओळखून जमनालालजींनी त्यांच्यासाठी निराळी कुटी बांधवली. घर बांधताना बाईच्या आडोशाचा विचार मागाहूनच सुचतो, तो काळ कोणताही असो.

ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी सेवाग्रामहून गेले ते पुन्हा आलेच नाहीत. त्याला आता पाऊणशे वर्षांहून अधिक झाली, आणि त्या कुट्या उभ्या आहेत. मातीचे घर पाऊणशे पावसाळे कसे काढते? कारण आश्रम प्रतिष्ठान त्यांची निगा राखते. दरवर्षी कोणाचे तरी हात त्या भिंतींवरून फिरतात. गंमत अशी की जनगणनेच्या हिशेबात मातीची भिंत कच्च्यातच मोडते. त्या हिशेबाने बापूकुटीची भिंतही कच्चीच, आणि आमचीही.

गांधीजी शेगावला आले त्याच १९३६ साली मुंबईत निरनिराळे सिमेंट कारखाने एकत्र होऊन ए.सी.सी. कंपनी झाली. तेव्हा आपल्या खेड्यांत सिमेंट कोणी पाहिले नव्हते. शहरातल्या वाड्यांनाही चुन्याचाच गिलावा असे, घाणीत बैल जुंपून चुना आणि रेती दळीत. पुढे चंद्रपूरकडेच कारखाने निघाले, पोती गावोगाव येऊ लागली, आणि मातीच्या भिंतीची आपल्याला लाज वाटू लागली. मलाही वाटली, हे कबूल करते. मुलीला पाहायला पाहुणे येतील तेव्हा दारची भिंत पक्की दिसावी, असे मीच यजमानांच्या मागे लागले.

२०११ च्या उन्हाळ्यात मिस्त्री आला. आत्याबाई एवढेच म्हणाल्या, "मातीवर शिमीट टिकत नाही वं. दोघायचं जमत नाही." मिस्त्री हसला. त्याने कोंबडजाळी ठोकली, वर सिमेंट चढवले, निळा रंग दिला. दोन वर्षे मी त्या भिंतीकडे कौतुकाने पाहिले. लिंपणाचे आठ दिवस वाचले, नखांतली माती गेली. २०१३ चा पावसाळा तुम्हां सर्वांच्या लक्षात असेल. झडी थांबेना. एका पहाटे पश्चिमेकडची भिंत खाली बसली. निळ्या गिलाव्याची अख्खी फळी ओसरीवर आडवी झाली, आणि तिच्यामागून नुसता चिखल आला. आत्याबाई नेहमी त्याच भिंतीला पाय लावून निजत. त्या रात्री नातवाला ताप होता म्हणून त्या आत त्याच्याजवळ होत्या. त्यावर मी अजूनही फार विचार करीत नाही.

असे का झाले, ते मला नंतर कळले. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि वाऱ्यावर बाहेर टाकते. ओलीने थोडी फुगते, उन्हाने थोडी आकसते. सिमेंट फुगत नाही आणि ओल बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे दोन्ही एकमेकांपासून सुटतात, चीर पडते, चिरेतून पाणी आत जाते आणि बाहेर निघायला वाट राहत नाही. वरून भिंत कोरडी दिसते, आत लगदा होतो. बोटाने वाजवून पाहिले असते तर पोकळ आवाज आला असता. ज्यांच्या घरी असा गिलावा आहे त्यांनी मृगाआधी एकदा जरूर वाजवून पाहावे.

वर्ध्याला १९७६ पासून ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, त्यांनी मातीच्या घरांवर पुष्कळ काम केले आहे. रुडकीच्या भवन संशोधन संस्थेने मातीच्या गिलाव्यात पातळ केलेले डांबर मिसळून पावसाने न धुपणारा लेप काढला. दरवर्षीचे कष्ट त्याने वाचतात. पण तो कालवायला शिकवणारा माणूस गावी यावा लागतो, तो आमच्याकडे अद्याप आला नाही.

आत्याबाईंना जाऊन चार वर्षे झाली. आता अडचण निराळीच आहे. गावाबाहेरच्या पांढरीच्या खाणीवर घरकुले उठली. कोणी ती माती खत म्हणून शेतात नेली. आळीत गायी दोनच उरल्या, शेण सांगून ठेवावे लागते. माझी मुलगी गिलावा करायला आनंदाने येते, पण फोटो काढून जाते. लिंपायचे मात्र मी एकटीच.

यंदा पश्चिमेची भिंत पुन्हा धरायला आली आहे. यजमान म्हणाले, माती आणायची कोठून? तेव्हा मी परसात गेले. २०१३ साली पडलेल्या भिंतीचा ढीग आत्याबाईंनी टाकू दिला नव्हता. सिमेंटची ढेकळे वेचून काढून उरलेली माती पत्र्याखाली झाकून ठेवली होती. काल तिचे आळे केले, पाणी सोडले. अजून वास सुटलेला नाही.